जुना फिडो मेलर इंटरनेटवरून जोडताना: केबलपासून पहिल्या पोलपर्यंत

जुना ४८६ पीसी माळ्यावरून खाली येतो, हार्डडिस्क नशिबाने फिरते, फ्रंटडोअर उघडतो. फ्रंटडोअर हा मेलर, म्हणजे फिडोनेट या मोडेमवर चालणाऱ्या जुन्या संदेश-जाळ्यात दुसऱ्या मशीनांना फोन लावून मेलची ने-आण करणारा प्रोग्राम. मग माणूस पहिल्याच उत्साहात मेलरच्या सेटअपमध्ये शिरतो आणि तिथेच तीन रविवार घालवतो. मला गेल्या काही महिन्यांत आलेल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच होतं. मेलरचा सेटअप हे शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे. खालून वर चढत जायचं: केबल, मग खोटा मोडेम, मग हाताने केलेला कॉल, आणि त्यानंतर मेलर व त्याचा पहिला पोल, म्हणजे मेल द्यायला-घ्यायला आपणहून लावलेला कॉल. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकू. फ्रंटडोअर, इंटरमेल किंवा डॉसवरचा बिंकलीटर्म यांना इंटरनेट ‘शिकवता’ येत नाही. त्यांना फक्त सिरियल पोर्ट आणि मोडेम कळतो. आपण मध्ये एक दुभाषी बसवतो. तो मेलरशी एटी कमांडमध्ये, म्हणजे मोडेमच्या भाषेत, बोलतो आणि बाहेर टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरची, जोडणी करतो.

(फाइलींची नावं आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. मशीनवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.)

## १. पलीकडचा काय बोलतो ते आधी पाहा

ज्या नोडला (जाळ्यातल्या दुसऱ्या सिस्टिमला) जोडायचं आहे त्याची नोडलिस्टमधली (सगळ्या नोडांच्या यादीतली) ओळ काढा आणि शेवटचे फ्लॅग, म्हणजे तो कोणत्या पद्धतीने बोलतो हे सांगणाऱ्या खुणा, वाचा.

- आयबीएन: बिंकपी, म्हणजे इंटरनेटवरून फिडो मेल नेणारा प्रोटोकॉल, नेहमीचं पोर्ट २४५५४.
- आयटीएन: टेलनेटवरून ईएमएसआय (जुन्या मेलरांची एकमेकांना ओळख देण्याची पद्धत), नेहमीचं पोर्ट २३.
- आयएफसी: टेलनेटशिवाय, कच्च्या टीसीपीवरून ईएमएसआय, पोर्ट ६०१७९.
- आयव्हीएम: व्हीमोडेम, पोर्ट ३१४१.

फ्लॅगपुढे वेगळं पोर्ट दिलं असेल तर तेच धरायचं.

आज बहुतेक नोड फक्त आयबीएनवाले आहेत. जुन्या डॉस मेलरना बिंकपी येत नाही. समोर एकटा आयबीएन असेल तर खोट्या मोडेमने कितीही डायल करा, कॉल लागेल, ‘कनेक्ट’ येईल आणि पुढे दोघंही एकमेकांची भाषा न कळता गप्प बसतील. अशांसाठी पायरी ८ वर जा. आयटीएन किंवा आयएफसी असेल तर क्रमाने पुढे चला.

सावध: फ्लॅग जुना असू शकतो. पलीकडच्या सिसॉपला (सिस्टिम चालवणाऱ्याला) आधी एक निरोप टाकून ‘टेलनेटवर मेलर अजून उत्तर देतो का’ एवढं विचारा. मी हे न विचारता एका बंद पडलेल्या पोर्टशी चार संध्याकाळी झुंजलो आहे.

## २. मशीनला हात लावण्याआधी

घड्याळ. मदरबोर्डची बॅटरी मेलेली असेल तर मशीन प्रत्येक वेळी १ जानेवारी १९८० ला जागं होतं. हे नुसतं दिसायला वाईट नाही. संदेशांचा एमएसजीआयडी (ओळख क्रमांक) बहुतेक प्रोग्राम घड्याळावरून बनवतात, आणि एका सिस्टिमचा तोच क्रमांक ३ वर्षांत पुन्हा येऊ नये असा नियम आहे. घड्याळ रोज मागे गेलं की क्रमांक पुन्हा येतात. मग पलीकडचा टॉसर (आलेले संदेश जागच्या जागी लावणारा प्रोग्राम) तुमचे संदेश ‘डुप्लिकेट’ म्हणून मुकाट टाकून देतो. कुठेही एरर दिसत नाही. तुम्ही मात्र उत्तराची वाट बघत बसता.

बॅकअप. पूर्ण डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मुंबईच्या दमट हवेत ठेवलेल्या फ्लॉप्यांवर भरोसा नको. माझ्या निम्म्या फ्लॉप्यांच्या चकतीवर बुरशीची पांढुरकी नक्षी होती, आणि अशी एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हचं हेडही खराब होतं. शटर सरकवून उजेडात चकती बघा, डाग दिसला तर ती फ्लॉपी बाजूला काढा.

तीन पासवर्ड. अपलिंककडून (ज्या नोडकडून तुम्ही मेल घेता त्याच्याकडून) पासवर्ड घेताना कोणता कशाचा हे लिहून घ्या. सेशन पासवर्ड मेलरचा असतो. पॅकेट पासवर्ड टॉसरचा, तो जास्तीत जास्त ८ अक्षरांचा. एरियाफिक्सचा पासवर्ड एको (चर्चेचे विभाग) चालू-बंद करण्यासाठी. तिन्ही एकच ठेवले तर डोक्याला त्रास कमी, पण कोणता कुठे टाकायचा हे तरीही माहीत हवं. आणि तिन्ही कॅपिटल अक्षरांत ठरवा. कित्येक जुने मेलर टाकलेलं सगळं कॅपिटल करतात, तर पलीकडचा नवा प्रोग्राम लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतो.

तपासा: मशीन बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. तारीख बरोबर आहे? मगच पुढे.

## ३. केबल: इथेच माशी शिंकते

लागणारं सामान असं: एक रास्पबेरी पाय किंवा लिनक्सचा कुठलाही जुना लॅपटॉप, एक यूएसबी-सिरियल अडॅप्टर, आणि एक नल मोडेम केबल (दोन मशीनांचे सिरियल पोर्ट थेट जोडणारी). लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. केबल मात्र डोळे मिटून घेऊ नका. मी विचारलं, ‘फुल हँडशेक आहे ना?’ काउंटरवरचा म्हणाला, ‘सब चलता है साब.’ घरी येऊन मल्टिमीटर लावला तर आत तीनच वायरी.

तीन वायरींवर अक्षरं इकडून तिकडे जातात, पण मेलरला कॅरिअर, म्हणजे लाइन चालू असल्याचा इशारा, दिसत नाही. म्हणून ‘कनेक्ट’ आल्याच्या पुढच्याच क्षणी तो फोन ठेवतो. दुसरा प्रकार याच्या उलट आणि जास्त फसवा आहे. काही केबलींत कनेक्टरच्या आतच डीटीआर (‘मी तयार’ असा इशारा) स्वतःच्याच डीएसआर (‘समोरचा तयार’) आणि डीसीडीला (कॅरिअरचा इशारा) जोडलेला असतो. मग मेलरला कॅरिअर कायमच दिसतो. कॉल संपला तरी लाइन सुटत नाही, आणि मेलर सारखा मोडेम रिसेट करत राहतो.

नऊ पिनच्या कनेक्टरवर हवी ती जोडणी:

- २ पलीकडच्या ३ ला, ३ पलीकडच्या २ ला
- ५ ला ५
- ७ पलीकडच्या ८ ला, ८ पलीकडच्या ७ ला
- ४ पलीकडच्या ६ आणि १ या दोघांना, आणि तसंच उलट दिशेने

मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून ही सगळी जोडणी मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

सावध: पायच्या स्वतःच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. जुन्या पीसीचा सिरियल पोर्ट उणे-अधिक बारा व्होल्टच्या आसपास खेळतो. दोन्ही थेट जोडलेत तर पाय जळेल. यूएसबी-सिरियल अडॅप्टरच वापरा, आणि त्यावर डीटीआर, आरटीएससकट सगळ्या लाइनी आहेत का ते बघून घ्या.

पीसीच्या बाजूला सिरियल चिप कोणती आहे तेही बघा. १६५५०ए असेल तर ३८४०० चा वेग बिनधास्त चालतो. ८२५० किंवा १६४५० असेल तर ९६०० किंवा १९२०० वर राहा. त्या चिपांमध्ये बफर नाही, डिस्कवर लिहिताना अक्षरं गळतात.

## ४. खोटा मोडेम

पायवर टीसीपीसर हा छोटा प्रोग्राम बसवा. सिरियल पोर्टच्या बाजूने तो हेज मोडेमसारखा वागतो, दुसऱ्या बाजूने टीसीपी जोडणी करतो. त्याला चार गोष्टी सांगायच्या: डिव्हाइस (उणे डी), वेग (उणे एस), येणारे कॉल ऐकायचं पोर्ट (उणे पी), आणि नंबरांची वही (उणे एन).

वही महत्त्वाची. मेलरला फोन नंबर हवा असतो, होस्टचं नाव त्याच्या पचनी पडत नाही. म्हणून एक काल्पनिक नंबर, समजा २००१, घ्यायचा आणि वहीत ‘२००१ बरोबर अमुक होस्ट, तमुक पोर्ट’ अशी नोंद करायची. मेलर २००१ फिरवतो, टीसीपीसर होस्टला जोडतो.

लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. रूटने चालवायची गरज नाही. सुरुवातीला लॉगची पातळी वरची ठेवा, पुढच्या दोन पायऱ्यांत त्याचाच आधार आहे.

## ५. हाताने डायल करा, मेलर अजून बंद

डॉसवर टेलिक्स किंवा प्रोकॉम असा टर्मिनल प्रोग्राम उघडा. वेग तोच, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. एटी टाइप करून एंटर दाबा. ‘ओके’ यायला हवं.

काहीच येत नसेल तर केबल किंवा पोर्टचा क्रमांक चुकला आहे. कचरा अक्षरं येत असतील तर वेग जुळलेला नाही. एटी दिसतं पण ‘ओके’ नाही, असं असेल तर टीसीपीसर बंद पडला असेल आणि तुम्हाला टर्मिनलचाच लोकल एको दिसत असेल.

‘ओके’ आलं की एटीडीटी २००१. ‘कनेक्ट ३८४००’ आल्यावर दोन-तीनदा एंटर दाबा. पलीकडे मेलर जिवंत असेल तर पत्ता, सिस्टिमचं नाव आणि ‘ईएमएसआय’ने सुरू होणारी, ताऱ्यांनी सजलेली एक ओळ दिसते. ती ओळ डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती दिसली म्हणजे केबल, पाय, तुमचं ब्रॉडबँड, पलीकडचं पोर्ट हे सगळं ठीक आहे आणि इथून पुढची प्रत्येक चूक मेलरच्या सेटिंगमध्येच आहे. निम्मं भांडण इथेच मिटतं.

तपासा: टर्मिनलमधून हँगअप करा. टीसीपीसरच्या लॉगमध्ये जोडणी लगेच तुटल्याचं दिसतं का? नसेल तर डीटीआरची वायर पोचत नाहीये. पायरी ३.

## ६. फॉसिल आणि मेलर

फ्रंटडोअरला फॉसिल ड्रायव्हर (सिरियल पोर्ट सांभाळणारा छोटा प्रोग्राम) लागतोच. एक्स००, बीएनयू, कोणताही चालेल, पण दोन एकदम नकोत. जुन्या कॉन्फिग-सिसमध्ये एक्स०० आधीच असतो, आणि माणूस ऑटोएक्झेकमध्ये बीएनयू घालतो. मग पोर्ट कोणाच्या हातात आहे हे दोघांनाही कळत नाही. ड्रायव्हरमध्ये वेग लॉक करा, आणि तोच आकडा मेलरमध्येही लॉक्ड म्हणून द्या.

मेलरच्या मोडेम सेटिंगमध्ये:

- इनिट ओळीतून त्या काळच्या मोडेमच्या खास कमांड काढून टाका. एटी, मग अँड-सी१, अँड-डी२, अँड-के३ आणि एस०=० एवढं पुरतं. जुन्या यूएस रोबोटिक्सच्या लांबलचक ओळी ठेवल्या तर ‘एरर’ परत येतो आणि मेलर मोडेमच मेला असं समजतो.
- येणारा कॉल उचलायला एटीए. एस०=१ ठेवून टीसीपीसरलाच उचलायला लावू नका, मेलर जागा नसताना कॉल उचलला जातो.
- ईएमएसआय चालू, झेडमोडेम चालू. एक्समोडेमच्या जातीचे प्रोटोकॉल प्रत्येक छोट्या ब्लॉकनंतर होकाराची वाट बघतात. मुंबईतून दुसऱ्या खंडातल्या नोडपर्यंतची वाट पाहता ते रडतखडत चालतात.

वेगवान मशीनवर मेलर किंवा त्याचा एखादा सोबती प्रोग्राम उघडताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन पडला, तर तुमची काही चूक नाही. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले जुने प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वरच्या प्रोसेसरवर असेच पडतात. वेग कमी करणारा छोटा प्रोग्राम वापरा.

## ७. नोडलिस्ट, आणि डायल न होणारा नंबर

हाताने कॉल लागतो, मेलरमधून लागत नाही. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. कारण जवळजवळ नेहमी तीनपैकी एक.

पहिलं: इंटरनेटवरच्या नोडला नोडलिस्टमध्ये फोन नंबरच नसतो, त्या जागी ‘अनपब्लिश्ड’ असतं. मेलर अशा नोडला डायल करायला साफ नकार देतो. नोडलिस्ट कंपाइल करणाऱ्या प्रोग्रामच्या कंट्रोल फाइलमध्ये त्या पत्त्यासाठी स्वतःचा नंबर, म्हणजे आपला २००१, देऊन पुन्हा कंपाइल करा.

दुसरं: डायलच्या आधी लागणारा उपसर्ग. सेटअप एखाद्या ऑफिसातून आलेला असेल तर बाहेरची लाइन घ्यायचा ‘०’ आणि स्वल्पविराम त्यात अजून बसलेला असतो. मेलर ‘०,२००१’ फिरवतो. वहीत असा नंबर नाही.

तिसरं: नंबर बदलणारा तक्ता. त्या काळी मुंबईतल्या मुंबईत कॉल करताना ९१-२२ गाळायचं असे, म्हणून तक्त्यात तसे नियम घातलेले असतात. तुम्ही वहीत ९१-२२ धरून नंबर लिहिला असेल तर मेलर तो कापूनच पाठवणार.

तिन्हीवर एकच उतारा: टीसीपीसरच्या लॉगमध्ये मेलरने नेमकं काय फिरवलं ते वाचा आणि अक्षर न् अक्षर तेच वहीत लिहा.

मग पहिला पोल. ईएमएसआयची देवाणघेवाण होते, पासवर्ड जुळतो, फाइल सुरू होते आणि काही केबी गेल्यावर सीआरसी एरर, म्हणजे मजकूर वाटेत बिघडल्याची खूण. पुन्हा तिथेच. याचं कारण २५५ हा बाइट. टेलनेटमध्ये २५५ ही कमांडची खूण असते, म्हणून खरा २५५ पाठवायचा तर दोनदा पाठवावा लागतो. एका टोकाला टेलनेट आणि दुसऱ्याला कच्ची जोडणी असेल तर हिशोब जुळत नाही. टीसीपीसर समोरून टेलनेटची खूण पहिल्यांदा आली तरच टेलनेटमध्ये शिरतो. म्हणून पलीकडच्या सिसॉपला विचारा की कोणतं पोर्ट टेलनेटचं आणि कोणतं कच्चं, आणि जुळेल ते वहीत घाला. खात्री करायची असेल तर आधी साधी टेक्स्ट फाइल पाठवा, मग झिप. टेक्स्ट जाते आणि झिप अडकते, म्हणजे गुन्हेगार २५५च.

## ८. समोर फक्त बिंकपी असेल तर

इथे जुन्या मेलरला डायल करायला लावायचं नाही. ने-आण बिंकडी हा बिंकपी बोलणारा प्रोग्राम करतो, वाचणं-लिहिणं-टॉस करणं जुन्या सॉफ्टवेअरकडे राहतं. दोघांच्या मध्ये एक आउटबाउंड, म्हणजे जाणाऱ्या मेलचा, फोल्डर. हाडाचे शौकीन याला फसवणूक म्हणतात. मला मेल पोचण्याशी मतलब.

विंडोज असेल तर लक्षात ठेवा, ६४ बिटी विंडोजवर डॉसचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. टॉसर डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) आणि बिंकडी विंडोजवर, असं करा. त्यात सापळा असा की टॉसर आउटबाउंडमध्ये फाइलींचे पूर्ण मार्ग लिहितो, आणि डॉसबॉक्सचा ‘सी’ विंडोजच्या ‘सी’पेक्षा वेगळा असतो. बिंकडी तो मार्ग शोधतो, फाइल सापडत नाही. यावर साधा उपाय: विंडोजमध्ये सब्स्ट कमांडने फिडोच्या फोल्डरला ‘एफ’ ड्राइव्ह करा आणि डॉसबॉक्समध्येही तोच ‘एफ’ म्हणून माउंट करा. दोघांना एकच मार्ग दिसतो.

आउटबाउंडची पद्धत. बिंकडीला बिंकली-पद्धतीचा आउटबाउंड लागतो. फ्रंटडोअरच्या पद्धतीत मेलचं गाठोडं नेटमेलला (एका नोडने दुसऱ्याला पाठवलेल्या खासगी संदेशाला) अटॅच केलेलं असतं. ते बिंकडीला दिसतच नाही. टॉसरच्या सेटिंगमध्ये बिंकली-पद्धत निवडा. स्क्विश हा टॉसर ती थेट बनवतो.

फाइलचं नाव पत्त्यावरून हेक्समध्ये बनतं: चार अंक नेटचे, चार नोडचे. समजा पत्ता ३:९००/२५, म्हणजे झोन ३, नेट ९००, नोड २५. नेट ९०० म्हणजे हेक्समध्ये ०३८४, नोड २५ म्हणजे ००१९. फाइल ०३८४००१९, पुढे एफएलओ. तुमचा मूळ झोन वेगळा असेल तर ती आउटबाउंड-डॉट-००३ या फोल्डरमध्ये हवी. पॉइंट ४ (नोडच्या हाताखालचा वापरकर्ता) साठी ०३८४००१९-डॉट-पीएनटी या फोल्डरात ०००००००४. टॉसर चालवून झाल्यावर ही फाइल नेमकी तिथे आहे का ते स्वतः बघा. झोनचा फोल्डर चुकला की बिंकडी म्हणतो पाठवायला काही नाही, आणि टॉसर म्हणतो मी केव्हाच बांधून ठेवलंय.

कॉन्फिग फाइल. डोमेन, अॅड्रेस, सिसनेम, सिसॉप, इनबाउंड आणि नोड या ओळी आधी भरा, बाकी शोभा नंतर. विंडोजवर मार्गातली प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा लिहायची. एकदाच लिहिलीत तर पुढचं अक्षर गिळलं जातं आणि भलत्याच नावाचा फोल्डर शोधला जातो.

दोन इनबाउंड, म्हणजे आलेल्या मेलचे फोल्डर. पासवर्ड जुळला तर मेल सुरक्षित इनबाउंडमध्ये पडते, नाही तर असुरक्षितमध्ये. टॉसर बहुधा पहिल्याच फोल्डरकडे बघतो. ‘लॉगमध्ये फाइल आली दिसते, पण संदेश नाहीत’ अशी तक्रार असेल तर असुरक्षित फोल्डर उघडा. सगळं तिथे पडलेलं सापडेल. नोडच्या ओळीतला पासवर्ड दुरुस्त करा. लॉगमध्ये सेशन पासवर्ड-प्रोटेक्टेड असल्याची ओळ दिसेपर्यंत दुरुस्ती सोडू नका.

पोलसाठी बिंकडीला उणे कॅपिटल पी आणि अपलिंकचा पत्ता द्या. सेशनच्या शेवटच्या ओळीत ‘ओके’ आणि पाठवलेल्या-आलेल्या फाइलींची संख्या असते. दोन्ही शून्य आणि ‘ओके’, म्हणजे जोडणी ठीक, पण न्यायला काही नव्हतं. आउटबाउंड पुन्हा बघा.

सावध: मध्येच वीज गेली किंवा प्रोग्राम पडला तर त्या नोडच्या नावाची बीएसवाय फाइल मागे राहते. ती असेपर्यंत कोणीही त्या नोडची मेल हलवत नाही. आधी बिंकडी आणि टॉसर दोन्ही बंद असल्याची खात्री करा, मगच ती पुसा.

## ९. येणारे कॉल

राउटरचं पान उघडून बाहेरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुमच्या इमारतीतलं कनेक्शन मोठ्या सामायिक पत्त्यामागे आहे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरचा कॉल आत येणार नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या, किंवा अपलिंकला सांगा की माझी मेल होल्डवर ठेव, मी येऊन घेईन. घरगुती नोडला दुसरा पर्याय पुरेसा आहे. तासाला एक पोल ठीक, मिनिटाला एक केलात तर अपलिंक वैतागेल.

स्वतंत्र आयपी असेल तर टीसीपीसरला पोर्ट २३ वर ऐकायला लावू नका. टेलनेटचं पोर्ट उघडं दिसलं की पासवर्ड चाचपणारे बॉट थोड्याच वेळात येऊन धडकतात. प्रत्येक धडकेला ‘रिंग’ जाते, मेलर इमानदारीत उचलतो, ईएमएसआयची वाट बघत बसतो आणि तेवढा वेळ खऱ्या कॉलला लाइन व्यस्त. वरच्या आकड्यातलं एखादं पोर्ट निवडा, अपलिंकला कळवा आणि नोडलिस्टच्या फ्लॅगमध्येही तेच पोर्ट लिहायला सांगा.